हुंकाऱ्याविना

दाऊदचाचांच्या रिक्षात बसलं की गोष्ट ऐकावीच लागते, ती भाड्यातच धरलेली असते. त्या सकाळी त्यांच्या साल्यानं यात्रेतून आणलेल्या घोडीची गोष्ट चालू होती. मी मधे दाबून बसलेले, मांडीवर बॅग, बॅगेत शनिवारच्या कार्यक्रमात वाचायचे कागद, आणि डोक्यात ते कागद कसे वाचायचे, कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, एवढंच. "मन्हा साला सारंगखेडाले गया," चाचा आरशात बघत म्हणाले. माझ्या डाव्या हाताला बसलेली मुलगी म्हणाली, "हूं." "यात्रामाईन घोडी लई उना." "हूं." "घोडी चालाले भारी, पन बॅण्ड वाजना का जागवर उभी." "हूं." चाचांनी आनंदानं रिक्षा हळू केली. इतकं मन लावून त्यांना बऱ्याच वर्षांत कोणी ऐकलं नसेल. आम्ही कॉलेजची पोरं कानात बोंडं घालून बसतो. मी मात्र वळून तिच्याकडे बघितलं. तो हुंकारा मी ओळखत होते. 'अच्छा', 'मग', 'बापरे' असं आपण म्हणतो तसला तो नव्हता. नाकातून येणारा, आखूड, शेवटी जरासा वर जाणारा, सांगणाऱ्याला पुढचं वाक्य बोलायची मुभा देणारा. तसा हुंकारा मी फक्त वाळत घातलेल्या मिरचीच्या पथारीवर ऐकला होता, आणि गेलं वर्षभर तो आठवू नये म्हणून मी बरीच धडपड केली होती.

कॉलेजच्या फाटकाशी उतरलो तर ती मुलगी तिथेच उभी राहिली. नवी कोरी चप्पल, तेल लावून घट्ट घातलेल्या वेण्या, हॉस्टेलच्या मुलींची असते तशी कापडी पिशवी. "तुम्ही माहेनूर ताई ना? टी.वाय.च्या?" मी मान हलवली. "मी जागृती. एफ.वाय.ला आहे. वार्षिक अंकात तुमची ती विस्तवाची गोष्ट आहे ना, ती सांगणारी रमिलाबाई, ती माझी आई." मी लगेच तोंडभर हसले. अशा वेळी मला फार चांगलं हसता येतं. म्हटलं, हो का, कशा आहेत मावशी, या वर्षी पथारीवर आल्यात ना. "आई पावसाळ्यात गेली," जागृती म्हणाली. "कावीळ झाली होती." आश्रमशाळेतल्या मुली प्रमाण मराठी बोलतात तेव्हा प्रत्येक शब्द धुऊन वाळत घातल्यासारखा बोलतात. तिनं 'गेली' हा शब्दही तसाच स्वच्छ म्हटला. मग म्हणाली, "आमच्याकडे तिचा फोटो आहे, आधार कार्डावरचा. आवाज कुठंच नाही. सर म्हणाले, तुम्ही मोबाइलवर घेतला होता. आणि ताई, ती गोष्ट आम्ही कधी शेवटपर्यंत ऐकलीच नाही. लहानपणी मी हुंकारा देता देता झोपून जायची. हुंकारा थांबला की आई थांबायची. दुसऱ्या दिवशी परत पहिल्यापासून. मागच्या वर्षी हंगाम संपवून ती घरी आली, भाऊ गोष्टीसाठी मागं लागला, तर म्हणाली, ती गोष्ट आता नंदुरबारला सरली, परत सुरू करायची नाही. म्हणजे तुम्हाला पूर्ण सांगितली ना तिनं?"

मी म्हटलं, "हो." शब्द एवढासा असला की तोंडातून फार सहज निसटतो. "अंकात शेवट वाचला मी," ती म्हणाली, "पण तो आईच्या आवाजात ऐकायचाय." मी सांगितलं, फाईल शोधावी लागेल, कुठल्यातरी पेन ड्राइव्हमध्ये असेल, गुरुवारी दुपारी ग्रंथालयामागच्या बाकावर ये. फाईल माझ्या हातातल्या मोबाइलमध्येच होती.

पहिल्या तासाला हेमकांत सर फळ्यावर काहीतरी लिहीत होते आणि मी वहीत तेच उतरवत होते, पण मी होते पथारीवर. नंदुरबारच्या बाहेर, रुळांच्या पलीकडे, हिवाळ्यात जमीन दिसत नाही इतकी मिरची पसरलेली असते. तिला आम्ही पथारी म्हणतो. बाहेरगावचे लोक उतरून फोटो काढतात आणि दोन मिनिटांत शिंकत गाडीत जाऊन बसतात. मन्ही अम्मी अख्तरबानो तिथे देठ खुडायला जाते, माझ्या जन्माच्या आधीपासून. 'मन्ही' म्हणजे माझी. तीन वर्षं मराठी वाङ्मय शिकूनही घाईत असले की अजून हेच तोंडात येतं. बाया तोंडाला ओढणी बांधून रांगेत बसतात, पुढ्यात ढीग, मागे ढीग, आणि बोटं आपोआप चालतात. संध्याकाळपर्यंत तळहात असे पेटतात की ताकात बुडवून ठेवावे लागतात. शाळेला सुट्टी असली की अम्मी मला बरोबर न्यायची, कारण घरी ठेवायला कोणी नव्हतं. मी तिथे काही काम करत नसे. मला एकच काम होतं. दिवाळीनंतर सातपुड्यातून, अक्कलकुव्याच्या वरच्या पाड्यांवरून माणसं खाली उतरायची, त्यांत रमिलाबाई असायची, आणि रमिलाबाई गोष्ट सांगू लागली की तिला हुंकारा द्यायचं काम माझ्याकडे होतं.

तिची स्वतःची बोली वेगळी होती. पथारीवर आली की ती पहाडावरची बोली बाजूला ठेवून आम्हा सगळ्यांसारखी अहिराणी बोलायची, जराशी वाकडी. तिची नजर मिरचीवर असायची. गोष्ट सांगताना माणसाकडे बघून ती कधी बोललीच नाही, हात थांबला असता तर पोतं भरलं नसतं. म्हणून हुंकारा आवाजानंच द्यावा लागायचा. "एक पोर व्हती." हूं. "तिन्हा घरना इस्तो इझी गया." हूं. चुलीतला विस्तव विझला. "मायनी सांगं, पल्याडना डोंगरवर इस्तो शे, लई ये." हूं. आई म्हणाली, पलीकडच्या डोंगरावरून विस्तव घेऊन ये. मी सात-आठ वर्षांची असेन. दर हुंकाऱ्यानं ती मुलगी एक पाऊल पुढे जायची आणि ते पाऊल मी टाकलेलं असायचं. एकदा मला शिंक आली आणि हुंकारा चुकला, तर रमिलाबाई तिथेच थांबली. आजूबाजूच्या बाया हसायला लागल्या, "ये पोरी, तिले काय मझारमा उभी करी दिन्ही का?" म्हणजे, तिला मधेच उभी केलीस का? मी घाबरून ओरडले, हूं! मग ती मुलगी पुन्हा चालायला लागली. इतका अधिकार मला घरात, शाळेत, मदरशात कुठेच नव्हता. मी तो फार तोऱ्यात वापरायची. ती गोष्ट मी दोन-तीन हंगाम ऐकली, पण दर वेळी मधेच चहा यायचा, नाहीतर मालकाचा माणूस पोती मोजायला यायचा, नाहीतर ऊन कलून आमची घरी जायची वेळ व्हायची. दुसऱ्या दिवशी परत, एक पोर व्हती. पुढे मी आठवीत गेले, पथारीवर जाणं सुटलं. खरं सांगायचं तर मी सोडलं. शाळेत मुली म्हणायच्या, तुझ्या दप्तराला ठसका येतो. मी दप्तर धुतलं, केस धुतले, अम्मीच्या ओढण्यांपासून माझे कपडे वेगळे ठेवायला लागले, आणि शुद्ध मराठी बोलायला शिकले. इतकं शुद्ध की हेमकांत सर एकदा वर्गात म्हणाले, माहेनूरकडून शिका. त्या दिवशी मी घरी येऊन अम्मीला काही सांगितलं नाही. का सांगितलं नाही, ते तेव्हा कळलं नव्हतं. आता कळतं, आणि लाज वाटते.

मागच्या हिवाळ्यात सरांनी लोककथा-संकलनाचा प्रकल्प दिला. सगळ्यांनी एकमेकांची कॉपी मारायची ठरवली. मला मात्र एकदम रमिलाबाई आठवली. आठवली म्हणजे कामाची वाटली. सहा-सात वर्षांनी मी पथारीवर गेले, जीन्स, स्वच्छ ओढणी, मोबाइल. ती तिथेच होती, तशीच रांगेत, फक्त खालचे दोन दात नव्हते. "अख्तरबायनी आंडेर का वं तू?" म्हणाली, आंडेर म्हणजे मुलगी, "केवढी व्हयनी!" मी तिच्यासमोर पाटीवर मोबाइल ठेवला. सरांनी बजावून सांगितलं होतं, ध्वनिमुद्रण स्वच्छ हवं, संकलकाचा आवाज मधे नको, कथा निवेदकाची आहे. सर चांगले आहेत, त्यांचं काही चुकलं नाही. पुस्तकात तसंच लिहिलंय. मी आजूबाजूच्या बायांना ओठांवर बोट ठेवून गप्प बसवलं. अम्मीलाही. अम्मी ओढणीआडून माझ्याकडे बघत राहिली. मी बटण दाबलं. रमिलाबाई म्हणाली, "एक पोर व्हती." आणि थांबली.

मी मान हलवली. जोरात, उत्साहानं, वर्गात सरांसाठी हलवते तशी. पण तिची नजर मिरचीवर होती, तिला माझी मान दिसणार कशी? ती थोडा वेळ थांबली, मग स्वतःच पुढे बोलली. पुन्हा थांबली. मला माहीत होतं ती कशासाठी थांबतेय. हे मला आज सुचलेलं नाही. मला त्याच क्षणी माहीत होतं, हुंकारा माझ्या नाकापर्यंत आला होता, आणि मी तो गिळला. दहा वाक्यांनंतर तिचा आवाज बदलला. एखाद्या रिकाम्या घरात हाक मारत आत शिरावं तसं ती बोलायला लागली. तरी मुलीला तिनं डोंगरावर नेलं, खापरीत विस्तव मिळवून दिला, परत वळवलं. "पाछी फिरनी ते नदी भरेल." मुलगी परत वळली तर वाटेतली नदी भरून आलेली. थांबली. "नदी बोलनी, इस्तो माले दे, मंग वाट देसू." थांबली. "पोर उभी ऱ्हायनी. इस्तो इझाले नको म्हनीसन फुकी ऱ्हायनी. फुकी ऱ्हायनी." विस्तव विझू नये म्हणून मुलगी फुंकत राहिली, आणि इथे रमिलाबाई जी थांबली ती थांबलीच. एवढंच मुद्रण आहे. म्हणजे याच्यापुढेही काही सेकंदं आहेत, पण ती मी सरांना दिलेल्या फाईलमधून कापली, आणि मूळ फाईल नंतर कधी उघडली नाही. त्या सेकंदांत काय आहे ते मला ऐकायची गरज नाही.

अपुरी गोष्ट प्रकल्पात कशी द्यायची? मी शेवट लिहिला. एका बैठकीत, पंख्याखाली, बिस्किटं खात. त्यात मुलगी नदीला म्हणते, हा विस्तव माझ्या एकटीचा नाही, माझ्या सगळ्या पाड्याचा आहे. नदी तिच्या धैर्यानं प्रसन्न होते, दुभंगते, आणि त्या विस्तवावर गावातल्या सगळ्या चुली पेटतात. विस्तव म्हणजे ज्ञान, असं एक वाक्यही मी शेवटी टाकलं, सरांना आवडेल म्हणून. आवडलं. विद्यापीठाच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस, वार्षिक अंकात छापलं, आणि आता शनिवारी मराठी भाषा पंधरवड्यात पाहुण्यांसमोर वाचायचं ठरलं. पुढच्या वर्षी पुण्याला एम.ए.साठी शिफारसपत्र देताना सर या प्रकल्पाचा उल्लेख करणार होते. प्रकल्पाच्या शेवटी एक पान असतं: या उपक्रमातून मी काय शिकले? त्याला पाच गुण. मी लिहिलं होतं, 'मी ऐकायला शिकले. लोकपरंपरेतील स्त्रीचा आवाज माझ्यापर्यंत पोहोचला आणि माझ्या व्यक्तिमत्त्वाचा विकास झाला.' पाचपैकी पाच मिळाले. ते पान मी दोनदा फाडायला काढलं आणि दोन्ही वेळा परत फाईलमध्ये ठेवलं.

त्यानंतर गोष्टीतली ती मुलगी माझ्याकडे राहायला आली. दुसरं कसं सांगू? मी भित्री नाही, आमच्या घरी लहानपणीच कुराणातली आयतुल कुर्सी पाठ करून घेतात, अंधारात पुटपुटली की झालं. पण हे भूतबीत नव्हतं, हिला काय म्हणून पळवणार? परीक्षेत उत्तर लिहिता लिहिता वाक्य संपलं की मधल्या जागेत ती उभी असायची. भांडी घासताना हात गरम व्हायचे, बघावं तर पाणी गार. स्टेशनवर सुरतची गाडी निघून गेली, फलाट रिकामा झाला, की पलीकडच्या रुळांशी कोणीतरी दोन्ही हातांची ओंजळ तोंडाजवळ धरून उभं आहे असं वाटायचं. नीट बघितलं की सिग्नलचा खांब नाहीतर बिडी पेटवणारा हमाल असायचा. मी तिला नदी पार करवली होती, छापून, बक्षीस घेऊन. तिला त्याचा पत्ताच नव्हता. ती वर्षभर तिथेच उभी होती, फुंकत. रमिलाबाई या दिवाळीनंतर परत येईल, तेव्हा जाऊन तिच्यासमोर बसायचं आणि मोठ्यानं हूं म्हणायचं, असं मी ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं, पथाऱ्या लाल झाल्या, आणि आज जाऊ उद्या जाऊ करत मी गेले नाही. आणि ती तर पावसाळ्यातच गेली होती. म्हणजे मी टाळत होते ती एका मेलेल्या बाईला.

बुधवारी कॉलेज सुटल्यावर मी पथारीवर गेले. अम्मी रांगेत होती. मी तिच्याशेजारी बसले, तिनं काही न विचारता थोडी मिरची माझ्याकडे सरकवली. मी खुडायला लागले. पाच मिनिटांत बोटं चुरचुरली. "अम्मी, रमिलाबाई गेल्या, तुला माहीत होतं?" "हां. उसके गाँव की औरतें बोलीं." "मला का नाही सांगितलंस?" अम्मी घरी हिंदी बोलते आणि मी तिला मराठीत उत्तर देते, हीही माझीच प्रगती. ती म्हणाली, "तूने कभी पूछा?" मग मी विचारलं, ती विस्तवाची गोष्ट, तिचा शेवट काय होता? तू तर वर्षानुवर्षं शेजारी बसलीस. अम्मी हसली, ओढणीच्या आड डोळे बारीक झाले. "मैं सुनती थोड़ी थी. मैं हुंकारा देती थी. मेरे दिमाग़ में तो तेरी फ़ीस चलती रहती." तिच्या पलीकडची बाई म्हणाली, "आम्हनं बी तसंच वं माय. ती सांगे, आम्ही हूं म्हनूत." म्हणजे कोणालाच माहीत नव्हतं. रांगेतल्या वीस बायांनी ती गोष्ट पुढे चालवली होती आणि कुणी ती ठेवून घेतली नव्हती. मला क्षणभर बरं वाटलं, माझ्याएवढाच दोष सगळ्यांचा. मग अम्मी सहज म्हणाली, "उस दिन तू गई ना मोबाइल लेके, तो वो बोली मेरे को. अख्तरबाय, तेरी बेटी बड़ी हो गई. अब हुंकारा नहीं देती." "आणखी काय म्हणाली?" "और क्या. बोली, पढ़ गई, अच्छा हुआ." अम्मीनं हे अभिमानानं सांगितलं. मला रडू आलं आणि मी ते ठसक्यावर ढकललं, तिथे ते खपून जातं.

त्या रात्रभर, खरं तर गुरुवारी दुपारपर्यंत, मी जागृतीला काय सांगायचं याची उत्तरं तयार करत होते. लोककथा मुळात खुली असते, तिला एकच एक शेवट नसतो. हे उत्तर चांगलं होतं, पुस्तकातलं होतं. दुसरं, मला खरंच वाटलं की गोष्ट संपली, नदीकाठी उभी मुलगी हाच आधुनिक शेवट. तिसरं, फाईल करप्ट झाली, सॉरी. हे तिसरं सगळ्यांत सोपं. फाईल नसेल तर जागृतीला आवाज मिळणार नाही, पण अंकातला शेवट आईचाच म्हणून तिच्याजवळ राहील, ती तो भावाला सांगेल, पुढे पोरांना सांगेल. माझं बिस्किटं खात लिहिलेलं वाक्य सातपुड्याच्या पाड्यावर रमिलाबाईचं म्हणून चालत राहील. तिथपर्यंत विचार गेला आणि ते तिसरं उत्तर मी सोडून दिलं. खोटं बोलण्याची मला सवय आहे, पण हे फार लांबचं खोटं होतं. माझ्या मरणानंतरही चालणारं.

ग्रंथालयामागच्या बाकावर ती आधीच येऊन बसली होती. डब्यातून तिनं दोन भाकरींच्या मधे चटणी घालून आणली होती, अर्धी माझ्यापुढे केली. मी खाल्ली. मग पिशवीतून तिनं वार्षिक अंक काढला, त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं होतं, आणि आमचं पान उघडलं. "तुम्ही आधी वाचून दाखवा ना ताई," म्हणाली, "शनिवारी मला येता येणार नाही, हॉस्टेलचं काम आहे." मी वाचायला लागले. माझं वाचन चांगलं आहे. एक पोर व्हती. "हूं," जागृती म्हणाली, डोळे समोरच्या लिंबाच्या झाडावर. चुलीतला विस्तव विझला. "हूं." मला इतकं सुख वाटलं की मी कशासाठी आले होते ते विसरले. वाक्यामागून वाक्य चालत गेलं, डोंगर, खापरी, नदी, फुकी ऱ्हायनी, हूं. मग माझा शेवट सुरू झाला. हा विस्तव माझ्या एकटीचा नाही, मी वाचलं. आणि थांबले. जागृती गप्प होती. मी पुढचं वाक्य वाचलं. गप्प. नदी दुभंगली, चुली पेटल्या, आणि प्रत्येक वाक्यानंतर माझा आवाज असा एकटा पडत गेला की पानाच्या तळाशी पोहोचेपर्यंत मी कुजबुजतच होते. ती मुद्दाम करत नव्हती. तिच्याकडून हुंकारा येतच नव्हता.

"हे आईचं नाही ना?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "नाही. माझं आहे." एवढं बोलल्यावर मला वाटलं आता ती उठून जाईल, सरांकडे जाईल, आणि तेच बरं होईल. ती म्हणाली, "असू दे. आईचं लावा."

मी मोबाइल बाकावर आमच्या मधे ठेवला. मूळ फाईल. वर्षभर न उघडलेली. आधी पथारीचा आवाज आला, ठसका, कोणाचं तरी पोतं ओढल्याचा आवाज, मग रमिलाबाई. "एक पोर व्हती." जागृतीनं दोन्ही हात तोंडावर दाबले. मी बंद करायला हात पुढे केला तर तिनं माझं मनगट धरलं. आणि त्या पहिल्या थांब्यात, जिथे मी मान हलवली होती, तिथे तिनं हुंकारा दिला. रडत होती, तरी दिला. पुढच्या थांब्यातही दिला. ते थांबे तिच्या हुंकाऱ्याएवढेच होते, थोडेही लांब नाहीत, आखूड नाहीत. रमिलाबाईनं ते मोजून ठेवले होते, पथारीवर, माझ्यासमोर, कोणी भरेल म्हणून. फोनमधली बाई आणि बाकावरची मुलगी अशा बोलत राहिल्या की मी तिथे नसते तरी चाललं असतं. डोंगर आला, खापरी आली, नदी आली. "फुकी ऱ्हायनी. फुकी ऱ्हायनी." "हूं," जागृती म्हणाली. फोन गप्प. "हूं," ती पुन्हा म्हणाली, जरा मोठ्यानं. फक्त मिरचीची सळसळ. मला त्या सेकंदांत काय आहे ते माहीत होतं आणि मी डोळे मिटून घेतले, जसं काही डोळे मिटल्यानं ऐकू येत नाही.

मग फोनमधून माझा आवाज आला, तरतरीत, घाईत. "सरनी का, मावशी?"

रमिलाबाई बोलली तेव्हा तिचा आवाज वर उचललेला होता. गोष्ट सुरू झाल्यापासून एकदाच तिनं मिरचीवरून नजर काढून माझ्याकडे बघितलं होतं. "तू आयकनारी. तू म्हनशी ते सरनी."

"हाव, सरनी," मी म्हटलं होतं. आणि फाईल संपली.

ऐकणारी तू आहेस, तू म्हणशील तर संपली. एवढंच म्हणाली होती ती. घरी जाऊन पोरांनाही तेच सांगितलं, नंदुरबारला सरली. मी संपवली म्हणून तिनं ती पुन्हा कधी सुरू केली नाही, स्वतःच्या मुलांसाठीसुद्धा. जागृतीनं मनगट सोडलं. वेणीच्या टोकानं डोळे पुसले. तिच्या तोंडावर राग शोधत होते मी, राग सापडला असता तर मला काहीतरी करता आलं असतं.

"तुम्हाला माहीत होतं ना ताई, सरली नव्हती?"

"हो."

"मग हाव का म्हणालात?"

सगळी उत्तरं तयार होती. खुली लोककथा, आधुनिक शेवट, स्वच्छ मुद्रण, सर, अम्मी, दप्तराचा ठसका, सगळं. त्यातलं एकही तोंडाशी आलं नाही. जे आलं ते इतकं लहान होतं की गेलं वर्षभर मी ते स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

"दहा मिनिटं झाली होती," मी म्हणाले. "प्रकल्पाला दहा मिनिटांच्या वरचं मुद्रण चालणार नव्हतं."

जागृती लिंबाच्या झाडाकडे बघत होती. दुपारच्या तासाची घंटा झाली, मुलं जिन्यावरून धडधडत वर गेली, आवार रिकामं झालं, आणि आम्ही दोघीही उठलो नाही.

"हूं," ती म्हणाली, आणि पुढच्यासाठी थांबली.